पुसलेली तीन मिनिटं

१

एकवीस मिनिटं आणि आठ सेकंद पेटी वाजत होती. मग ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे तीन मिनिटं, दुसऱ्या ‘टक्’पर्यंत, नुसती खरखर उरली.

मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. तेच. सूर ओसरत गेला नव्हता, चालीच्या मधोमध कापला गेला होता. रेकॉर्डिंग करताना बॅटरी संपत आली असती, तर शेवटाकडे आवाज चिरका ऐकू आला असता. फीत तुटली असती, तर खरखरही नसती. शिवाय ती ‘टक्’ मला ओळखीची होती. टेपरेकॉर्डरची रेकॉर्ड करायची तांबडी कळ दाबली की ती फितीवर उमटते. कोणीतरी जुन्या आवाजावर तीन मिनिटं काहीच न रेकॉर्ड करता फीत फिरवली होती. थोडक्यात, पुसली होती.

“दत्तारामकाका, कॅसेटला कोणी हात लावला होता?”

दत्ताराम कुबल ऐंशीच्या घरात. उभा जन्म मालवाहू जहाजांवर गेला. हा टेपरेकॉर्डर त्यांनी १९७५ साली जहाजावरून आणला होता आणि कांदळवाडीतला तो पहिला.

“कोण हात लावतलो? सोमवारी तू ह्यां मशीन बाकार ठेवून गेलंस, तसां आसा. घरातसून भायर गेला नाय.”

आज गुरुवार होता. नोव्हेंबर २००६. तुळशीची लग्नं झाली होती, जत्रा सुरू व्हायला बारा दिवस होते.

आम्ही तिघं मित्र कुडाळात बसून एक उद्योग करतो. इथल्या वादकांना त्यांच्या घरात रेकॉर्ड करतो, सीडी काढतो आणि जत्रांत स्वतः उभे राहून विकतो. हक्क वादकाकडे राहतात, वर नावही त्याचंच. माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं, त्यामुळे मशीन माझ्याकडे. चौथी सीडी गुरुदास तांडेल यांची होणार होती. दशावतारात पेटी वाजवणारा कोळी. १९७६ साली त्याची होडी गेली. होडी मिळाली नाही, माणूसही नाही. राहिली ती ही एक कॅसेट. वर दत्तारामकाकांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘गुरुदास. नारळी पुनव १९७५.’

सोमवारी मी तिची पहिली दहा मिनिटं ऐकली होती आणि वीज गेली होती. ती दहा मिनिटं ऐकून मी दोन रात्री नीट झोपले नाही. पेटी अशी वाजवता येते हे मला माहीत नव्हतं.

“मग पुसली कोणी?” मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाडीकडे पाहत म्हणाले, “तेणांच पुसल्यान असतली.”

“कोणी?”

“गुरुदासान. तेका आवडला नसतला.”

२

मित्रांना कळवायला मी मोबाइल काढला, तर रेंज नव्हती. होडीचं जाळं शिवत बसलेला नितेश हसला. हा गुरुदासचा पुतण्या, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा.

“हंय रेंज गावाची नाय. काकीच्या खिडकेर जा. तां आमचां टेलिफोन हापिस.”

मथुराकाकींचं, म्हणजे गुरुदासच्या बायकोचं घर दत्तारामकाकांपासून साठ पावलांवर. मी मोजली. त्यांच्या मागच्या खिडकीच्या गजांना प्लास्टिकच्या पिशव्यांतून सहा मोबाइल लटकत होते. सगळ्या वाडीचे. समुद्रावर जाताना लोक फोन इथे टांगून जात आणि परत आले की कोणाचा आला होता ते बघत.

“आवाज बंद करून लाव हां,” नितेश म्हणाला. “दुपारी वाजलो तर काकी पिशयेसकट खाडयेत टाकता. माझो एक टाकल्यान.”

“कॅसेटचा शेवट कोणीतरी पुसलाय,” मी म्हणाले. “तुला ही सीडी नको होती म्हणे.”

“कोण म्हणता?” त्यानं दाभण जाळ्यात खुपसून ठेवली. “नको होती. आता लपवू कशाक? काकाचां मढां गावला नाय आमका. तेचो आवाज जत्रेत भज्याच्या बाजूक ठेवन विकतल्यात तुमी. पण पुसूक मी जावचंय नाय. काकाच्या वस्तूचा माका भ्या वाटता. त्या घराचासुदीक.”

“कोणत्या?”

त्यानं काकींच्या घराकडे मान केली. आवाज खाली आला. “दुपारी थंय भातो ऐकू येता. पेटयेचो. सूर नाय, नुसतो वारो. आत घेतल्यासारखो, भायर सोडल्यासारखो. ल्हानपणापासून ऐकतंय. तू शिकलेली, हसशील.”

मी हसले नाही. खिडकीजवळ उभी राहून फोन केला आणि आत पाहिलं. मथुराकाकी जमिनीवर बसून सुक्या बांगड्यांची डोकी काढत होत्या. वय सत्तरच्या आसपास, हात झरझर चालणारे. वरच्या फळीवर कापडात बांधलेली पेटी. सोमवारी मी परवानगीचा कागद घेऊन आले तेव्हा त्यांनी न वाचता सही केली होती आणि एकच प्रश्न विचारला होता: “शेवटापर्यंत आसा काय तेच्यात?”

मी तेव्हा हो म्हणाले होते. आज सांगितलं, “काकी, शेवट पुसला गेलाय.”

हात थांबले नाहीत. “जावंदे गो,” त्या म्हणाल्या. “एवढां उरलां तां काय कमी आसा?”

उरला तो हरिश्चंद्र मेस्त्री. दशावतारातला आजचा सर्वांत नावाजलेला पेटीवाला. कॅसेटमधली ती चाल सगळा जिल्हा हरिश्चंद्राची म्हणून ओळखतो. कॅसेट बाहेर आली असती तर ती कोणाची हे उघड झालं असतं. हेतू म्हणून याहून सरळ काही नव्हतं. शिवाय तो बुधवारी कांदळवाडीत आला होता, हे नितेशनंच सांगितलं.

वालावलला त्याच्या पडवीत गेले तेव्हा तो पेटी उघडून पट्ट्यांखालची धूळ ब्रशनं काढत होता. तीन मिनिटं पुसली गेल्याचं सांगून मी आडून आडून विचारायला लागले, तर त्यानं ब्रश खाली ठेवला.

“सरळ विचार गो बाय. चाल माझी नाय. साठी उलाटली, आता खोटां बोलान काय करू? गुरुदासाकडसून घेतलंय. पण पुरी नाय गावली.”

“म्हणजे?”

“तो शेवट वाजयच नाय. विचारलंय काय हसायचो आणि म्हणायचो, ‘उरलेलां घराकडे आसा.’ तीस वर्षां मी तेका माझां शेपूट लावून वाजयतंय. लोकांका कळणा नाय. माका कळता.”

“आणि बुधवारी?”

“शेवट ऐकूक गेललंय. एकदा ऐकान मरूचा म्हणान. जेवणां झाल्यार गेलंय, तर दत्ताराम बाकार लांब होवन घोरत होतो. दोनदा हाक मारलंय आणि परत इलंय.” त्यानं ब्रश पुन्हा उचलला. “ज्यान कोणी ती तीन मिनिटां पुसली, तेणां माझां नशीब पुसल्यान.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्याला एका गोष्टीची तीस वर्षं भूक आहे, तो ती खाडीत टाकत नाही.

३

धामापूरला घरी येऊन मी कॅसेट संगणकावर उतरवली. शुक्रवारी सकाळी खोलीचं दार लावलं, कानांना हेडफोन लावला आणि पुसलेल्या भागाचा आवाज वाढवत नेला.

पुसणाऱ्याची एक चूक झाली होती. तांबडी कळ पुसते, पण त्याच वेळी ऐकतेही. त्या मशीनला स्वतःचा माइक आहे. तीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं त्याची जाळी बुजली होती, तरी तो पूर्ण बहिरा झाला नव्हता. खरखरीच्या खाली, फार खोल, त्या दुपारची खोली असणार होती.

मी आवाज चाळीस पट केला. खरखर पावसासारखी झाली. तिच्यातला जो भाग सतत सारखा होता तो कमी केला. राहिलं ते पुन्हा वाढवलं.

आणि कोणीतरी गुणगुणत होतं.

शब्द नव्हते. बाई की पुरुष तेही कळत नव्हतं, इतका तो आवाज झिजलेला होता. चाल मात्र तीच होती. मी दोन्ही भाग एकापुढे एक लावून मात्रा मोजल्या. एकवीस मिनिटांनी पेटी जिथे तुटली, तिथूनच गुणगुणणं पुढे जात होतं. लय एका मात्रेनंही हललेली नव्हती. हरिश्चंद्राला तीस वर्षांत न मिळालेला शेवट कोणीतरी तोंडातल्या तोंडात पुरा करत होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. तलावाकडून धुणं आपटल्याचे आवाज येत होते. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवली. पुसलेल्या फितीवर जुनं काही उरत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरीही काही क्षण मला दत्तारामकाकांचं म्हणणं खरं वाटलं. समुद्रात गेलेला माणूस आपली चाल पुरी करत होता.

४

दुपारी जेवून मी पुन्हा बसले, कारण भीती हे काही निरीक्षण नव्हे.

पुसलेल्या भागात एक मिनिट बारा सेकंदांवर आणखी एक आवाज होता. ‘टर्रर्र, टक-टक-टक, टर्रर्र.’ मी तो हजारदा ऐकला होता. रेडिओजवळ मोबाइल ठेवला आणि त्यावर फोन यायला लागला की घंटेच्या आधी रेडिओ असा गुरगुरतो. तो हवेतला आवाज नसतो, फोन टॉवरशी बोलत असताना मशीनच्या तारांत घुसतो. म्हणजे पुसलं गेलं ते हल्लीच. १९७५ सालचं कोणी त्यात नव्हतं. आणि मागाहून घंटाही नव्हती. म्हणजे फोनचा आवाज बंद होता.

मोबाइल नितेशकडे होता, हरिश्चंद्राकडे होता. मी आधी माणसांकडे वळले आणि तिथेच चुकत होते. फोन टॉवरशी बोलायला रेंज लागते. कांदळवाडीत ती एकाच जागी होती. आवाज बंद केलेले सहा फोनही त्याच जागी टांगलेले होते.

मशीन घरातून बाहेर गेलं नाही, असं दत्तारामकाका म्हणाले होते.

त्याच ओघात मी पहिली एकवीस मिनिटंही नीट ऐकली. पेटीच्या मागे लांबवर एक आवाज फुगत होता. सोमवारी मी त्याला लाट समजले होते. पण लाट हळूहळू वाढते आणि ओसरते. हा एकदम सुरू होऊन एकदम थांबत होता. कधी अकरा सेकंदांनी, कधी सात, कधी चौदा. पेटीचे सूर शक्य तितके बाजूला काढले तेव्हा ती लाट शेकडो माणसांची झाली. ती म्हणत होती, “व्हय म्हाराजा.” देवाला गाऱ्हाणं घालताना प्रत्येक मागणीमागे सगळे देतात तो होकार.

शनिवारी सकाळी मी दत्तारामकाकांच्या पडवीत होते.

“काका, बुधवारी दुपारी कुठे झोपला होतात?”

“खंय म्हणजे? हंयच. बाकार.”

“लांब होऊन?”

“मगे काय उभ्यान निजतंय?”

“आणि मशीन कुठे होतं?”

बाक पाच फुटांचं होतं. काका आडवे झाले की त्याच्यावर मशीनला जागाच उरत नव्हती. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जहाजार कप्तान होवक व्हयी होतंस तू,” ते म्हणाले. “मथुरावैनीन मागल्यान. एकदा ऐकतंय म्हणाली. नवऱ्याची आठवण म्हणान नेवन दिलंय. संध्याकाळी आणून ठेवल्यान. तिनां काय केल्यान तां माका म्हायत नाय.”

“अजून एक विचारते. नारळी पुनवेला इथे गाऱ्हाणं कोण घालायचं?”

“तांडेलांचो मान. गुरुदास घालायचो. दुसरो कोण नारळाक हात लावचो नाय.”

“हे गाऱ्हाणं कॅसेटमध्ये आहे. मागे, लांब. गुरुदास किनाऱ्यावर उभा राहून गाऱ्हाणं घालत होता. मग त्याच वेळी पेटी कोण वाजवत होतं?”

काकांनी एक पाय पुढे लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

“माझो पाय प्लास्टरात होतो त्या वर्सा,” ते म्हणाले. “म्हणान घराकडे ऱ्हवलंय. सगळी वाडी नारळाक गेलेली. नवां मशीन बघूया म्हणान कुबड्यो घेवन तेंच्या घरात गेलंय, तर ती पेटी घेवन बसलेली. ह्यां ठेवन देतंय, वाजय म्हटलंय. सरल्यार शेवटाक मी बोललंय, ‘वैनी, ह्यां तुया शिकयलंस तेका?’ ती हसली आणि व्हय म्हणाली. तां सगळा तेच्यात उतारला. तिना माझ्याकडसून आण घेतल्यान. एकतीस वर्षां मी तोंड उघडूक नाय.”

“आणि वर नाव गुरुदासचं लिहिलंत.”

“तेच्या घरात केलेली म्हणान. आणि दुसरां लिवतंय काय?”

५

मथुराकाकी पडवीत बसल्या होत्या. माझ्या हातात मशीन पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला.

“माका म्हायत होतां तू येतलंस. बस.”

मी काय शोधलं ते सांगितलं. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

“चाली मी बसयत होतंय,” त्या म्हणाल्या. “बापूस माझो पेटयेवालो. ऐकान ऐकान इला हातात. पण बायल माणूस दशावतारात खंय बसतली? मी घराकडे वाजयायचंय, तो शिकायचो, जत्रेक वाजवन येयचो. ती एक चाल मी तेका पुरी दिलंय नाय. सगळां दिलां तर माझ्याकडे काय उरतला, असां वाटायचा. तरणी होतंय.”

“मग पुसलीत का? त्यात तुमचं नाव होतं.”

“म्हणानच. बोलणां नेमकां खंय सुरू जाता तां कळाक नाय, म्हणान आदीच कळ दाबलंय.” त्यांनी खाडीकडे हात केला. “तेचां थंय काय गावला नाय. कपडो सुदीक नाय. आज वाडयेत तेका वळाखतत कशान? पेटयेन. तां पण काढून घेतलां तर तो उरतलो खंय? माझां काय गो, मी आसंयच.”

मी बरोबर आणलेला लॅपटॉप मशीनला जोडला आणि काल संध्याकाळभर खपून वेगळा काढलेला तुकडा लावला. नऊ सेकंदांचा. पेटी जवळजवळ गेलेली, वारा समुद्राकडून आलेला, आणि त्यातून एक पुरुषाचा उंच आवाज:

“…होडयेर गेलल्या लेकरांक सुखरूप घराकडे आण म्हाराजा…”

आणि सगळी वाडी: “व्हय म्हाराजा.”

मथुराकाकींचा हात हनुवटीपाशी गेला आणि तिथेच राहिला. खिडकीवर एक पिशवी वाऱ्यानं गजावर आपटत होती. मी तुकडा पुन्हा लावला नाही. त्यांनीच बोट हलवून खूण केली, तेव्हा लावला. तिसऱ्या वेळी वाडीबरोबर त्यांचेही ओठ हलले.

“मी वाजयत होतंय,” त्या म्हणाल्या. “माका ऐकूच येवक नाय तो.”

“तो कॅसेटमध्ये स्वतःच्या आवाजात आहे, काकी. त्याला पेटी उसनी द्यायची गरज नाही. गाऱ्हाणं गुरुदास तांडेल, पेटी मथुरा तांडेल. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहिता येईल. तुम्ही नको म्हणालात तर मी सीडी काढणार नाही. पण खोटं नाव घालणार नाही.”

त्या म्हणाल्या, “पण शेवट गेलो. आता अर्धी चाल कोण ऐकतलो?”

“शेवट आहे. तुम्हीच ठेवलाय.”

मी पुसलेली तीन मिनिटं लावली. खरखरीतून ते झिजलेलं गुणगुणणं वर आलं. काकींनी भुवया आवळल्या.

“ह्यां कोण?”

“तुम्ही. बुधवारी. तांबडी कळ दाबून बसला होतात ना, तेव्हा.”

त्यांना ते आठवत नव्हतं. आपण गुणगुणलो हेच त्यांना माहीत नव्हतं. मान थोडी तिरकी करून त्या स्वतःला ऐकत राहिल्या, एखादी लहान मुलगी पाठ म्हणत असावी आणि आपण तपासत असावं तशा. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर त्यांची मान हलली.

“थांबव.”

मी थांबवलं.

“चुकलंय हंय. तीन फेरे घेवन उतरूचां, मी दोनातच आवारलंय. ह्यां असां लोकांका ऐकवतलंस?”

“दुसरं माझ्याकडे नाही, काकी.”

त्या उठल्या. आत जाऊन फळीवरून पेटी खाली काढली, मदतीला गेले तर कोपरानं बाजूला सारलं. कापडाला धूळ नव्हती. गाठ रोज सुटणाऱ्या गाठीसारखी एका ओढीत सुटली. त्यांनी भाता उघडला आणि एकही पट्टी न दाबता दोनतीनदा हलवला. आत घेतल्यासारखा, बाहेर सोडल्यासारखा नुसता वारा. नितेश लहानपणापासून जे ऐकत होता ते.

“रोज?” मी विचारलं.

“भातो बंद ऱ्हवलो तर कातडां चिकाटता. पट्टेक हात लावक नाय मी. तीस वर्षां.”

बाहेर जाळं शिवता शिवता नितेश उभा राहिला होता. काकींनी दारातून त्याला पाहिलं. “खिडकेवरचे तुमचे डबे काढून ने रे,” त्या म्हणाल्या. “मधीच गुरगुरतत.”

तो पिशव्या सोडवेपर्यंत त्यांनी पदर कमरेला खोचला, उजव्या हाताची बोटं एकदा पदराला पुसली आणि पट्ट्यांवर नेऊन, न टेकवता, धरली.

“घे,” त्या म्हणाल्या. “दाब ती तांबडी कळ.”